प्रत्येक कोच आपापलं बघतो, बेरीज कोण करणार?

लेखात म्हटलंय की दोन-तीन खेळ खेळणाऱ्या मुलांनी स्ट्रेंथ ट्रेनिंग (ताकदीचे व्यायाम) करावंच, एकदम पटलं. वजन उचललं की उंची खुंटते असं अजूनही लोक छातीठोकपणे सांगतात, त्यात तथ्य नाही, नीट शिकवणारं आणि लक्ष ठेवणारं कुणीतरी समोर हवं बस. पण खरी अडचण वेगळीच आहे, फुटबॉलचा कोच सकाळी स्क्वॉट्स मारून घेतो, बास्केटबॉलचा त्याच संध्याकाळी उड्या मारायला लावतो, आणि पोराचे गुडघे तेच! त्यात उंची झपाझप वाढत असते तेव्हा गुडघ्याखाली हाडाचा जो उंचवटा असतो ना तिथं दुखायला लागतं, नुसतं बोट दाबलं तरी पोरगं कळवळतं, आणि घरचे म्हणतात वयाचं दुखणं आहे, जाईल. अहो मग तेवढे दिवस उड्या, धावणं कमी करा ना! आणि स्ट्रेंथ ट्रेनिंग आठवड्यात दोन दिवस, मध्ये गॅप ठेवून, आणि मॅचेसच्या सीझनमध्ये सेट अजून कमी, बहुतेकांना एवढं पुरतं. उडीनंतर खाली येताना गुडघे आत वळतायत का ते आधी बघा, मुलींच्या बाबतीत तर नक्कीच, उचलायचं वजन वाढवायचं नंतर. आणि किशोरवयात रोज ८ ते १० तास झोप लागतेच, पहाटे प्रॅक्टिस ठेवणाऱ्या कोचनी याचा विचार करावा प्लीज.