फॉरमॅट मारून टाक!

नाशकात कुणालाही गाठून 'लॅपटॉप स्लो झालाय' म्हणा, उत्तर ठरलेलं: "फॉरमॅट मारून टाक." कॉलेज रोडवरचा भाचा तेच सांगतो, सातपूरला कंपनीत सीएनसी मशीन चालवणारे शेजारचे काकाही तेच. एम. जी. रोडवरच्या दुकानातल्या पोरानं तर मी पिशवीची चेन उघडायच्या आतच निदान केलं.

पण फॉरमॅट म्हणजे डिस्क साफ, आणि माझ्या लॅपटॉपमध्ये आतेभावाच्या लग्नाचे फोटो होते, दाबून बांधलेल्या गाठोड्यात, म्हणजे रार फाइलमध्ये, आणि तिचेही तुकडे करून दिलेले. आणि आत्याला येवल्याची पैठणी नीट दिसेल असा एक फोटो स्टेटसला हवा होता. आत्ताच्या आत्ता.

कोणता प्रोग्राम काय करतोय ते दाखवणारा टास्क मॅनेजर उघडला. डिस्क १०० टक्के! एवढं राबतंय तरी कोण? अपडेट, अँटिव्हायरस आणि कधीच भंगारात गेलेल्या प्रिंटरचं सॉफ्टवेअर. लॅपटॉपबरोबर आपोआप सुरू होणाऱ्यांच्या यादीतून, म्हणजे स्टार्टअपमधून, सगळ्यांना हाकललं, लॅपटॉप पुन्हा चालू केला, तेव्हा कुठे माउसचा बाण हलला. मग रार फाइल उघडणारं विनरार. त्यानं आधी ४० दिवसांची मुदत संपल्याची आठवण करून दिली. वर्षानुवर्षं नुसती आठवण करून देणारा आणि तरी काम न अडवणारा इतका सोशिक सावकार दुसरा नसेल. आणि मग म्हणाला, 'चेकसम एरर, फाइल करप्ट आहे.'

फाइल पॅक होताना आतल्या प्रत्येक फोटोवरून ३२ बिटांचा एक आकडा काढून सोबत लिहिलेला असतो, तो चेकसम. उघडताना तोच हिशेब पुन्हा होतो. जुळला नाही की बोंब. यात काही विशेष नाही. विशेष हे, की पहिल्या वेळी मंगलाष्टकांचा फोटो खराब निघाला. पुन्हा उघडली तर मंगलाष्टकं ठणठणीत, पंगत नासलेली! डाउनलोड अर्धवट झालं असतं तर दर वेळी एकाच जागी रडलं असतं. म्हणजे फाइल शहाणी, हिशेबाचे आकडे धरून ठेवणारी रॅमच, म्हणजे लॅपटॉपची तात्पुरती स्मृतीच, भ्रमिष्ट.

"मग फॉरमॅट मार ना," काका म्हणाले. हार्डवेअर फॉरमॅटनं बरं होत नाही, हे मी त्यांना सांगितलं. त्यांनी माझ्याकडे सहानुभूतीनं पाहिलं.

विंडोजची मेमरी तपासणी लावली, तिनंही दोष कबूल केला. रॅमच्या चार-चार जीबीच्या दोन पट्ट्या होत्या. एक काढली, तरी बोंब. ती परत लावून दुसरी काढली, आणि सगळे तुकडे निमूट उघडले! फक्त आता उरली चार जीबी. रॅममध्ये न मावलेलं सगळं विंडोज हार्ड डिस्कवर नेऊन टाकतं, आणि ती बिचारी आधीच घामाघूम. फायली बऱ्या झाल्या, लॅपटॉप मात्र पहिल्यापेक्षा स्लो.

आत्यानं चष्मा लावून पडद्याकडे निरखून पाहिलं. "अरे, यात पदर मागे गेलाय. मोर कुठे दिसतोय? पुढचा दाखव."

पुढचा उघडतोय. तोवर मी तिच्या पुढ्यातली मेथी निवडायला घेतली आहे.