वायर कुठली पाहिजे?

जुन्या इंग्लिश स्पोर्ट्स कारवाले इंजिनाच्या आवाजावर बोलतात, सीटच्या चामड्याच्या वासावर बोलतात, टप उतरवून खेड्यापाड्यांतून हिंडण्यावर तर तासभर बोलतात. वायरींवर कोणी बोलत नाही. त्या विषयावर सभ्य भाषेत बोलता येत नाही, हे त्याचं कारण.

माझी एमजीबी, असलीच एक दोन सीटची गाडी, १९७१ची. वायर म्हणजे इथे विजेची नव्हे, एका टोकाची हालचाल दुसऱ्या टोकाला पोचवणारी केबल. तिला चोकची वायर आहे, ॲक्सिलरेटरची आहे, हँडब्रेकची, स्पीडोमीटरची, हीटरची, शिवाय बॉनेट उघडायची. आमच्या इंग्लंडातल्या रेडिंगच्या गल्लीत सगळ्यांची समजूत अशी की गाडी मी चालवतो. प्रत्यक्षात ती या वायरी चालवतात. मी नुसता आत बसून एकेकीला विनंती करत असतो.

"तुटली तर नवी आणायची, त्यात काय एवढं?" बायको म्हणते. बाजारात 'एमजीबीची वायर' नावाची एखादी वस्तू मिळते असं तिला अजून वाटतं.

तसा माल भरपूर आहे. ही गाडी १९६२पासून १९८०पर्यंत ऑक्सफर्डजवळच्या ॲबिंग्डनला बनत होती. सगळे प्रकार धरून पाच लाखांहून जास्त गाड्या निघाल्या, आणि तिचे सुटे भाग अजूनही नवे बनवले जातात. दुकानात फोन उचलणारे गृहस्थही स्वभावाने भले. पण गावच्या पारावर बसलेला म्हातारा जसा 'कुणाचा रे तू?'पासून सुरुवात करून आजोळ, वाडी, चुलत्याची नोकरी सगळं काढून घेतल्याशिवाय पत्ता सांगत नाही, तसं यांचं. मला हँडब्रेकची वायर हवी होती.

"चाकं तारांची की पत्र्याची?"

हँडब्रेकचा आणि चाकांच्या तारांचा काय संबंध, असं कोणालाही वाटेल. मलाही वाटलं. पण तारांच्या चाकांचा हब बाहेरच्या बाजूला जास्त जागा खातो, म्हणून त्या गाड्यांचा मागचा ॲक्सल मुळातच जरा अरुंद बनवलेला. ॲक्सल अरुंद, म्हणून वायरीचं माप वेगळं.

"तारांची," मी म्हणालो.

"ॲक्सल जुना की नवा?" टप उतरवता येणाऱ्या रोडस्टरचा ॲक्सल १९६७मध्ये बदलला, छप्पर असलेल्या जीटीला मात्र पहिल्यापासून नवाच होता. "बंपर क्रोमचा की रबराचा?" १९७४मध्ये अमेरिकेतल्या नियमांपायी कंपनीने या देखण्या गाडीच्या तोंडाला काळं रबर फासलं, त्यामुळे या प्रश्नाचं उत्तर क्रोमवाले जरा छाती पुढे काढून देतात. मीही दिलं. स्पीडोमीटरचीही वायर मागवून टाकावी म्हटलं, तर "ओव्हरड्राइव्ह आहे का?" ओव्हरड्राइव्ह म्हणजे वेगात असताना इंजिन कमी फिरवणारा जादा गिअर. त्याच्या गिअरबॉक्सला स्पीडोमीटरची वायर दुसऱ्या जागी जोडतात, म्हणून तिची लांबी वेगळी. मग मी ॲक्सिलरेटरचं नाव काढलं.

"स्टिअरिंग उजवीकडे की डावीकडे?"

"आता उजवीकडे आहे."

'आता' या शब्दानंतर पलीकडे बराच वेळ शांतता होती.

त्यांची काही चूक नाही. एमजीबी बहुसंख्येने गेल्या अमेरिकेला. तिकडच्या कोरड्या राज्यांत पत्रा गंजत नाही, म्हणून पुढे इंग्लिश लोकांनी आपल्याच गाड्या तिथून परत आणल्या आणि स्टिअरिंग डावीकडचं उजवीकडे केलं. माझी त्यातली. एवढंच असतं तरी चाललं असतं. पण पन्नास वर्षांत हिला जे जे मालक लाभले त्या प्रत्येकाने आपापली कला हिच्यावर करून घेतली आहे. कागदावरची गाडी आणि दारातली गाडी या दोन वेगळ्या गाड्या आहेत. चासी नंबर काय वाटेल ते सांगो, वायर मागवायची तर खाली पुठ्ठा टाकून, तोंडात टॉर्च धरून गाडीखाली झोपावंच लागतं. त्यात इंग्लंडचा पाऊस धड पडत नाही आणि धड थांबत नाही.

हँडब्रेकची वायर आली ती आखूड. खाली झोपल्यावर कळलं, की गाडीला चाकं तारांची असली तरी ॲक्सल पत्र्याच्या चाकांचा, म्हणजे रुंद. कोणा हौशी मालकाने वरून बोल्टने जोडायचे हब लावून तारांची चाकं बसवली होती, निव्वळ शोभेसाठी. ॲक्सिलरेटरची कथा उलटी. कार्ब्युरेटर इंजिनाच्या डाव्या अंगाला, पेडल आता उजव्या, पण ज्याने स्टिअरिंग हलवलं त्याने वायर मात्र अमेरिकेतलीच ठेवलेली. तिला जमेना, तर बळंच वळवून जमवलेली. कार्ब्युरेटरपाशी ज्या पितळी तुकड्यात ती बोल्टने आवळतात तिथे तिचे पीळ एकेक करून सुटत आले होते. पेडल इतकं जड, की मला ते गाडीचं वय वाटत होतं.

इकडच्या कायद्याने चाळीस वर्षांहून जुन्या गाडीला, तिच्यात फार मोठे बदल केलेले नसतील तर, वार्षिक तपासणी माफ आहे. म्हणजे हँडब्रेक सरकार तपासत नाही. आमची गल्ली उताराची आहे, ती तपासते.

जुनी वायर मी फेकत नाही. नवीचं माप घ्यायला तिच्याशिवाय दुसरा पुरावा नाही, आणि मापायचं ते वरचं आऊटर. आतली तार थोडी जास्त असली तर कापता येते, आऊटर चुकलं की सगळंच चुकलं. त्यामुळे गॅरेजच्या भिंतीवर मेलेल्या वायरी चिठ्ठ्या बांधून टांगलेल्या असतात. पाहुणे त्याकडे बघतात आणि मग बायकोकडे बघतात.

पण खरा छळ चोकचा. या गाडीच्या एसयू कार्ब्युरेटरला चोकची झडप नसते. बटण ओढलं, की वायर खालची जेट, म्हणजे पेट्रोलची बारीक नळी, आणखी खाली खेचते, तिच्यातली निमुळती सुई तेवढी मोकळी होते आणि इंजिनाला पेट्रोल जास्त मिळतं. थंडीत याशिवाय गाडी सुरू होत नाही. वायर म्हणजे स्प्रिंगसारख्या आऊटरमध्ये एकच ताठ तार. बटण ओढून जरासं फिरवलं की तिथेच अडकून राहावं, अशी सोय. नवी वायर घातली, काही दिवस लोण्यासारखी चालली, मग जड झाली, मग आतच चिकटली. वरचं प्लॅस्टिक मऊ पडलं होतं. मी महागातली मागवली. तीही त्याच वाटेने गेली. मग जुन्या शिलकीतली, कारखान्याच्या काळातली म्हणून मिळवलेली. तिने तर धूर काढला. फोनवरचे गृहस्थ म्हणाले, "बाकी कोणाची तक्रार नाही." असं म्हणणाऱ्याला उत्तर देता येत नाही.

त्याच उन्हाळ्यात मिरजेहून सासरे आले. आबांची सगळी नोकरी एका साखर कारखान्याच्या गॅरेजमध्ये, चेअरमनची ॲम्बॅसेडर सांभाळण्यात गेली. चेअरमन पडले, पॅनेल बदललं, पण ॲम्बॅसेडर आणि आबा जागच्या जागी. मी बॉनेट उघडलं तसे ते चष्मा कपाळावर सारून वाकले आणि एकदम ओळखीचं माणूस भेटावं तसे हसले.

"ही आपली ॲम्बॅसेडरच की हो!"

ते खरं आहे. ॲम्बॅसेडर म्हणजे ॲबिंग्डनशेजारच्या काउलीची मॉरिस ऑक्सफर्ड, आणि तिचं १४८९ सीसीचं इंजिन आणि माझं १७९८ सीसीचं, दोन्ही एकाच बी-सिरीज घराण्यातली. मी इतकी वर्षं इंग्लिश स्पोर्ट्स कार म्हणून मिरवत होतो. आबांनी एका वाक्यात तिला कारखान्याच्या गेटवर नेऊन उभं केलं.

"सेल्फ मारा बघू, जावईबापू."

मी चावी फिरवली. आबांनी चोकच्या वायरीवर बोट ठेवलं होतं, ते झटकन मागे घेतलं. "आयला! तापतीया की ही!" मग माझ्याकडे न बघता, जसं काही हवापाण्याचं विचारावं तसं म्हणाले, "अर्थिंग बघितलासा का?"

इंजिन रबराच्या माउंटिंगवर बसतं. रबरातून वीज जात नाही, म्हणून इंजिन आणि बॉडी यांना जोडणारी तांब्याची जाड विणलेली पट्टी असते. हिची बॅटरी तर मागे, सीटच्या पाठीशी, सहा-सहा व्होल्टच्या दोन. स्टार्टर फिरवायला लागणारे शंभराहून जास्त अँपिअर त्या पट्टीवाटे बॉडीतून परत जायचे. खाली बघितलं तर पट्टीच्या जागी कोणा मालकाने दिव्याला वापरतात तसली बारीक तार लावलेली, आणि तीही रंगावरच आवळलेली. मग वीज दुसरी वाट शोधणारच. इंजिनाला आणि बॉडीला एकाच वेळी चिकटलेलं दुसरं कोण? चोकची वायर. मी रोज सकाळी तिला पेट्रोल द्यायला सांगत होतो आणि वर आख्खा स्टार्टर तिच्या अंगावरून नेत होतो. जिच्या गुणवत्तेवर मी दुकानदाराला लांबलचक पत्रं लिहिली होती, ती बिचारी भाजून मरत होती.

नवी पट्टी दोन कप कॉफीच्या किमतीत आली. आबांनी बॉडीचा रंग पॉलिश पेपरने घासून पत्रा चकाकवला, बोल्ट आवळला आणि चहा मागितला. चोक त्या दिवसापासून गरम नाही.

हीटरच्या वायरीबद्दल मी लिहिणार नाही. कारखान्यात आधी हीटर ठेवला आणि मग त्याच्याभोवती गाडी बांधली, असं एमजीबीवाले म्हणतात. तिथे हात घातलेल्या माणसाला हे विनोदी वाटत नाही.

बॉनेटची वायर मात्र आबांनी स्वतःहून काढली. बॉनेट पुढून उघडतं, कडी पुढे, आणि तिला खेचायची वायर डॅशबोर्डाखालून जाते. "बॉनेट बंद असताना ही तुटली तर?" त्यांनी विचारलं. तर मग गाडी वर उचलून, खालून हात घालून, पुढच्या जाळीमागे चाचपडत देवाचं नाव घ्यायचं. आबा आत गेले आणि बॅगेतून सायकलच्या ब्रेकची कोरी वायर घेऊन आले. मिरजेहून लसणाच्या चटणीबरोबर ती त्यांनी का आणली होती, हे विचारायची आमच्या घरात कोणाची छाती नाही. कडीला दुसरीकडून बांधून तिचं टोक त्यांनी जाळीमागे, बाहेरून बोट पोचेल पण दिसणार नाही असं सोडलं.

ॲक्सिलरेटरची वायर मागवायला मी पुन्हा फोन केला. गृहस्थांनी आता माझ्या गाडीची वेगळी फाईल केली आहे. "आणखी काही जगावेगळं असेल तर सांगून ठेवा, नोंदवतो."

"बॉनेटला एक जादा वायर आहे. सायकलच्या ब्रेकची. सासऱ्यांनी बसवली, भारतातून आणून."

पलीकडे कागदावर पेन चालल्याचा आवाज आला. मग ते जरा खालच्या आवाजात म्हणाले, त्यांची स्वतःचीही एमजीबी आहे, तशी आणखी एखादी वायर मिळेल का?

मी आबांना विचारलं. आबा पेपरातून मान वर न काढता म्हणाले, "मिळंल की. आधी त्यांला विचारा, बंपर कुठला."