डॉक्टरांनी विचारलं तर खरं सांगा

मी मेडिकलच्या काउंटरवर असते. पेनकिलरची चिठ्ठी आली की विचारते, "दादा, दारू घेता का?" शेजारी बायको असली की उत्तर ठरलेलं, "नाही हो ताई." वडिलांबरोबर आलेला तरुण तर माझं बोलणं पुरं व्हायच्या आतच मान हलवतो. डॉक्टरांच्या केबिनमध्ये वेगळं काय होणार? तिथेही घरचं माणूस बाजूलाच बसलेलं असतं.

लाज मला कळते. पण या खोट्या उत्तरापायी जीव जाऊ शकतो.

सगळ्यात जास्त धास्ती वाटते ती ट्रामाडोलची. ऑपरेशननंतर, मणक्याच्या दुखण्यात ही गोळी देतात, पुष्कळदा पॅरासिटामॉलसोबत एकत्र. अफूसारखं काम करणारं औषध आहे हे, 2018 पासून एनडीपीएस म्हणजे अमली पदार्थांच्या कायद्याखाली. ते श्वास मंद करतं, आणि दारूही तेच करते. दोन्ही पोटात गेलं की माणूस गाढ झोपतो, मोठमोठ्याने घोरतो आणि घरचे म्हणतात, "दमलाय, झोपू दे." ते घोरणं दमल्याचं नसू शकतं. जीभ सैल पडून श्वासाची वाट अडलेली असू शकते. हलवून, चिमटा काढून जाग येत नसेल, ओठ निळसर दिसत असतील तर सकाळची वाट बघू नका. कुशीवर वळवा, 108 ला फोन करा, गोळ्यांची पट्टी सोबत न्या आणि किती प्यायला होता तेही सांगून टाका.

"गोळी तर सकाळीच घेतली होती" हेही नेहमीचंच. पट्टीवर एसआर लिहिलेली गोळी 12 ते 24 तास हळूहळू विरघळत असते. अमेरिकेत पॅलाडोन नावाची अशीच हळूहळू विरघळणारी, अफूच्या जातीतल्या दुसऱ्या औषधाची कॅप्सूल 2005 मध्ये बाजारातून काढावी लागली, कारण दारूबरोबर घेतली तर दिवसभराचं औषध एकदम रक्तात उतरू शकत होतं.

डायक्लोफेनॅक, आयब्युप्रोफेन, एसिक्लोफेनॅक या रोजच्या गोळ्यांचा धोका पोटाला. दारूसोबत जठरातून रक्तस्राव होऊ शकतो. शौचाला डांबरासारखं काळं झालं तर लगेच दवाखाना गाठा. पॅरासिटामॉल निरुपद्रवी वाटते, पण सर्दीच्या गोळीत ती, अंगदुखीच्या गोळीतही ती. रोज पिणाऱ्याच्या लिव्हरला तेवढा डोस जड जाऊ शकतो. सुरुवातीला फक्त मळमळ होते, ती उतरत्या दारूची समजून लोक सोडून देतात. कावीळ दिसेपर्यंत दोन-तीन दिवस गेलेले असतात.

त्यात आपल्याकडे पट्टी कापून द्यायची पद्धत. "ताई, दोनच द्या." कात्री चालते, दोन गोळ्या गिऱ्हाइकाच्या हातात जातात आणि औषधाचं नाव, चिठ्ठीशिवाय घेऊ नका सांगणारी लाल रेघ, इशारा उरलेल्या तुकड्यावर माझ्याकडेच राहतो. म्हणून मी पाकिटावर पेनाने मोठ्या अक्षरात लिहिते: दारू नको. सगळ्याच मेडिकलवाल्यांनी लिहावं असं मला मनापासून वाटतं.

आणि डॉक्टरांना हात जोडून विनंती, दोन मिनिटं नातेवाइकांना बाहेर बसवून हा प्रश्न विचारा. खरं कळलं तर तुम्ही औषध बदलू शकता, डोस कमी करू शकता. रोज भरपूर पिणाऱ्याने गोळीसाठी म्हणून अचानक दारू तोडली तरी हातपाय थरथरणं, भास होणं, फिट येणं असं होऊ शकतं. त्यालाही वेगळे उपचार लागतात, आणि ते खरं सांगितल्याशिवाय सुरू होत नाहीत.