पोरांना स्टेजवर नाचवता, प्रेक्षकांत कधी बसवणार?

गॅदरिंगचे दिवस आले की कोल्हापुरात ड्रेपरीच्या दुकानांत पाय ठेवायला जागा नसते. भाड्याचे कपडे, मेकअप, साऊंडवाला. तीन मिनिटांचा रेकॉर्ड डान्स, समोर आईबापांचे मोबाईल वर, खेळ खल्लास. माझी त्याला ना नाही, पोरं खूश असतात. पण त्याच पोरांनी वर्षभरात एक तरी प्रयोग निवांत बसून बघितलाय का, विचारा.

आणि हे शाहू महाराजांच्या गावात! त्यांनी 1915 साली उभं केलेलं पॅलेस थिएटर, म्हणजे आपलं केशवराव भोसले नाट्यगृह, 8 ऑगस्ट 2024 च्या रात्री जळालं तेव्हा म्हातारी माणसं रडली. त्यांनी तिथं नाटकं बघितली होती. आताच्या दहावीतल्या किती पोरांनी त्याचा पडदा वर जाताना बघितला असेल?

मध्यंतरी एका शाळेत पोवाड्याचा कार्यक्रम बघितला. पावसाळी हवा, डफाचं कातडं सैल पडलेलं. शाहिरांनी पोरांसमोरच कागद पेटवून डफ शेकला. थाप मारायची, कान द्यायचा, परत शेकायचं. आधी नुसतं भद्द वाजत होतं, मग असा खणखणीत बोलला की पहिल्या रांगेतलं एक पोरगं ओरडलं, "अजून एकदा शेका की!" पोवाडा सुरू झाला आणि दुसऱ्याच चौकाला, म्हणजे कडव्याला, मागची पोरं झीलकऱ्यांच्या (शाहिरामागं सूर धरणाऱ्यांच्या) आधी "जी जी रं जी" म्हणायला लागली. कुणी शिकवलं नव्हतं.

हे कशामुळं जमलं? दोनच वर्ग होते, माइक नव्हता, पोरं शाहिरांच्या पायाशी बसली होती. एरवी आपल्याकडं काय होतं? सगळी शाळा उन्हात, शिट्ट्या मारणारा माइक, पाहुण्यांची भाषणं तासभर आणि कलाकाराला उरलेली वीस मिनिटं. मानधन म्हणून नारळ आणि शाल. (शालीनं गाडीत पेट्रोल पडत नाही.) वर दुसऱ्या दिवशी फर्मान: कार्यक्रमातून काय शिकलात, दहा ओळी लिहा. पोरगं पुढच्या वेळी पोट दुखतंय म्हणून घरीच बसेल.

घाट उतरला की कुडाळजवळ पिंगुळी. तिथल्या ठाकर समाजातल्या कलाकारांच्या कळसूत्री बाहुल्या आणि चित्रकथी, म्हणजे चित्रं दाखवत सांगितलेल्या गोष्टी. परशुराम गंगावणे यांना 2021 ची पद्मश्री त्यासाठीच मिळाली. ती बाहुली मान कशी वळवते हे पन्नासाव्या रांगेतून दिसणारच नाही. म्हणून म्हणतो, गर्दी कमी करा, खेळ दोनदा लावा आणि दोन्ही खेळांचे पैसे द्या.

पैसे कुठनं आणायचे? एका वर्षी ड्रेपरी निम्म्यावर आणा, निघतील.

फक्त शिवजयंतीला शाहीर शोधत फिरू नका, त्या आठवड्यात त्यांना जेवायला सवड नसते. जुलै-ऑगस्टात बोलवा. पावसानं मैदान बंदच असतं, पीटीचे तास रिकामेच जातात.