जावा की

रविवारी सकाळी साडेदहाला माझ्या उजव्या कानाला मोबाईल होता आणि डाव्या बाजूला बायको. मोबाईलमधून मित्र सांगत होता, "भावा, तांबडा झाला, पांढऱ्याला नारळाचं दूध काढाय लागलोय. एक वाजता मळ्यावर ये." त्याच क्षणी डाव्या कानात, "अहो, दादा-वहिनी येत्यात जेवायला. किलोभर मटण आणा, येताना दही."

मी दोघांनाही एकच उत्तर दिलं, "व्हय व्हय, मटण!" दोघंही खूश.

फोन ठेवून मी विचारलं, "मळ्यावर जाऊ काय गं?"

"जावा की! मी कोण अडवणार?"

गेलो. तीन वाटी पांढरा पिऊन चारला घरी आलो, तर दादा-वहिनी पिठलं-भाकरी खाऊन परतही गेले होते. पुढचं लिहीत नाही.

मुलगी मानसशास्त्र शिकते. ती म्हणाली, "पप्पा, मी सांगतो ऐका." (आमच्या कोल्हापुरात पोरी अशाच बोलतात.) मग तिनं डोरीन किमुरा या बाईंचं नाव काढलं. 1961 साली या बाईंनी माँट्रियलमध्ये लोकांच्या दोन्ही कानांत एकाच वेळी वेगवेगळे आकडे ऐकवले. उजव्या कानातले आकडे लोकांना जास्त बरोबर सांगता आले. उजव्या कानाची मुख्य वाट डाव्या मेंदूकडं जाते आणि शब्दांचा बहुतेक कारभार तिथंच चालतो. डाव्या कानातला शब्द आधी उजव्या मेंदूत उतरतो, मग दोन्ही अर्धांना जोडणारा सुमारे 20 कोटी तंतूंचा पूल ओलांडून पलीकडं जातो. दोन्हीकडून एकदम माल आला की या लांबच्या वाटेवरची गाडी मार खाते. म्हणजे मित्राचा मळा थेट पोचला आणि दादा-वहिनी पुलावर अडकले!

1964 मध्ये याच बाईंनी सूर ऐकवले. तिथं डावा कान सरस ठरला. हे मात्र मला तंतोतंत पटलं. बायकोच्या त्या वाक्याची चाल मी आजही गुणगुणून दाखवीन. 'येत्यात'ला वर गेली होती, 'दही'ला खाली आली. शब्द तेवढे विचारू नका.

"म्हणजे माझी चूक नाही," मी म्हणालो.

"आणि 'जावा की' ऐकताना कुठला फोन होता?" स्वयंपाकघरातून आवाज आला.

इथं मी सापडलो. कारण कोल्हापुरात 'जावा की'ला अर्थच नाही, अर्थ सगळा सुरात. 'की' खाली टेकून तोडला तर खुशाल जा. 'वा' लांबवून 'की' वर फेकला तर चप्पल पायातनं काढा. बोलण्यातले हे चढउतार, टोमणा, थट्टा ओळखायला उजवा मेंदू फार लागतो. त्या बाजूला इजा झालेल्या काही रुग्णांना शब्द नीट कळतात, पण टोमणा खराच वाटतो. माझ्या मेंदूला इजा नव्हती. पांढरा रस्सा होता.

तसं एरवी आम्ही सुरावरच जगतो. इथं जिगरी दोस्त रंकाळ्यावर भेटला की पहिली शिवी हासडतो, आणि "या साहेब" म्हणाला की समजायचं, उसने पैसे परत मागणार. 1861 साली पॅरिसच्या ब्रोका डॉक्टरांनी तपासलेला रुग्ण 'टॅन' एवढंच बोलू शकायचा. त्याच्या डाव्या मेंदूचा पुढचा भाग बिघडला होता. बिचारा चुकीच्या गावात जन्मला. आमचे एक मामा आयुष्यभर नुसत्या 'व्हय' या शब्दावर निभावलेत. हो, नाही, बघू, आणि 'तुला अक्कल आहे का' हे सगळं त्यातच.

आता बायकोनं पद्धत बदलली आहे. सोमवारी ती माझ्या उजव्या बाजूला येऊन म्हणाली, "दळण आणा, मीठ संपलंय." शब्द लख्ख पोचले. मग पिशवी घेऊन निघालो, तर वळसा घालून डावीकडं आली आणि अगदी हळू म्हणाली, "सावकाश या हं."

गंगावेशीत दूधकट्ट्यावर दोस्त हाका मारत होते. गाडीचा वेगही कमी केला नाही.