पंचवीस लाखांचा ‘डबा’

नाशिकच्या अंबड-सातपूर औद्योगिक भागातल्या उद्योजकांच्या ग्रुपवर सध्या एक मेसेज फिरतोय: ‘व्हेक्टर नेटवर्क अ‍ॅनालायझर म्हणजे आयात चिप आणि वर डबा. पाच हजारांच्या नॅनोव्हीएनएवर तेच दिसतं, बाकीचे पंचवीस लाख ब्रँडचे. आपली पोरं महिन्याभरात बनवतील.’ पोरांवर माझाही भरवसा आहे, मेसेजवर नाही. हे यंत्र फिल्टर, केबल अशा वस्तूंत सिग्नल सोडतं आणि किती पार गेला, किती परतला, त्याची फेज (लाटेची जागा) किती सरकली ते मोजतं.

‘तेच दिसतं’ म्हणे! हॅम म्हणजे हौशी रेडिओवाल्यांसाठी नॅनोव्हीएनए हा छोटा, स्वस्त अ‍ॅनालायझर झकास. पण मूळ मॉडेलमध्ये सिग्नल देणारी चिप ३०० मेगाहर्ट्झपर्यंतच थेट चालते. पुढे ९०० पर्यंत तिच्या तिसऱ्या हार्मोनिकवर, म्हणजे तिप्पट वारंवारतेच्या उपलाटेवर, भागवलं जातं. हार्मोनिक मुळातच दुबळा, त्यामुळे चांगल्या फिल्टरचं खोल रिजेक्शन (नको तो सिग्नल अडवणं) नॉइजमध्ये बुडतं. रडारची, उपग्रहाची कामं १०, २०, ४० गिगाहर्ट्झवर चालतात. तिथे हे यंत्र पोचतच नाही.

आता ‘डबा’. मशीनशॉपच्या गावात हे लिहावं याचं नवल वाटतं. ४० गिगाहर्ट्झला तरंगलांबी साडेसात मिलिमीटर. हवेतल्या वाटेत १ मिलिमीटरचा फरक पडला की फेज ४८ अंशांनी सरकते. इथे लागणाऱ्या २.९२ मिलिमीटर कनेक्टरची मधली पिन जरा पुढे आली, तर समोरच्या कनेक्टरची बोटं वाकतात. मागे राहिली, तर फटीतून सिग्नल परततो. हे अंतर गेज लावून मायक्रॉनमध्ये मोजतात. जोडतानाही फक्त नट फिरवायचा, तोही टॉर्क पान्याने. बॉडी फिरवली की पिन घासलीच. शिवाय १० गिगाहर्ट्झला तांब्यात बहुतेक करंट वरच्या पाऊण मायक्रॉनच्या आतच वाहतो, म्हणजे टूलची रेघसुद्धा लॉस वाढवते.

महिन्याभरात बोर्ड होईल. पण यंत्र आपल्या चुका वजा करतं ते शॉर्ट, ओपन, लोड अशा, वर्तन आधीच माहीत असलेल्या स्टँडर्डांवरून. ती स्टँडर्डं कशावरून तपासली याची साखळी दिल्लीच्या राष्ट्रीय भौतिक प्रयोगशाळेसारख्या ठिकाणापर्यंत दाखवता आली नाही, तर आकडे कोण मानणार? वर तापमानाने होणारा ड्रिफ्ट (आकडे हळूहळू सरकणं) तपासायचा, त्याला घाई चालत नाही.

ब्रँडचे पैसे लागतात, हे मात्र खरं. आत असलेलंच फीचर लायसन्स-की देऊन वेगळं विकतात, आणि ते मलाही खटकतं.

पैज लावायचीच तर एक्स-बँडच्या (१० गिगाहर्ट्झच्या आसपासच्या) वेव्हगाइडवर, म्हणजे सिग्नल नेणाऱ्या धातूच्या पोकळ नळीवर लावा. आतला गाळा २२.८६ बाय १०.१६ मिलिमीटर, फ्लँज काटकोनात, तोंड बंद करणारी शॉर्टची पट्टी सपाट. वायरकट आणि ग्राइंडिंग आपल्याकडे आहेच.