तीन मुलं भलत्याच बापाच्या पदरात: जुन्या इंग्रजी वंशावळींबद्दलचा एक सल्ला

जुन्या इंग्रजी घराण्यांची वंशावळ शोधणाऱ्यांमध्ये एक सल्ला सतत फिरत असतो: "इंग्लंडात १५३८ पासून चर्चच्या नोंदवह्या आहेत. नाव, गाव आणि साल जुळलं की माणूस तोच. शंका आली तर इतरांचे वंशवृक्ष बघा, दहा ठिकाणी तेच असेल तर पक्कं समजा. नाती मृत्युपत्रांत स्पष्ट लिहिलेली असतात."

यातलं पहिलं वाक्य तेवढं बरोबर आहे. नोंदी ठेवण्याचा हुकूम १५३८ चाच, पण अनेक गावांच्या सुरुवातीच्या वह्या आज नाहीत. बाकीचा सल्ला मात्र माणसांची सरमिसळ करतो. तो तपासायला शेक्सपिअरचं स्ट्रॅटफर्ड घेऊ. तिथल्या नोंदी इतक्या वेळा चाळल्या गेल्या आहेत की घोळ कसा झाला आणि कसा सुटला, दोन्ही दिसतं.

"नाव, गाव आणि साल जुळलं की माणूस तोच"

स्ट्रॅटफर्डच्या वहीत १५५८ ते १५९१ या काळात जॉन शेक्सपिअर नावाच्या बापाच्या ११ मुलांचे बाप्तिस्मे आहेत. निकोलस रो यांनी शेक्सपिअरच्या १७०९ च्या चरित्रात कवीच्या वडिलांना १० मुलं दिली. खरी मुलं ८. उर्सुला, हम्फ्री आणि फिलिप ही तिघं दुसऱ्याच जॉन शेक्सपिअरची. कवीचे वडील हातमोजे करत, हा दुसरा जोडे शिवायचा. गाव एक, नाव एक, काळही एकच.

हे तीन बाजूंनी उलगडतं. पहिली बाजू आईचं वय. कवीच्या आईचं, मेरीचं, पहिलं मूल सप्टेंबर १५५८ चं आणि फिलिप सप्टेंबर १५९१ चा. ३३ वर्षं एकाच बाईला मुलं होत राहणं जवळजवळ अशक्य. दुसरी बाजू बायकोची. नोव्हेंबर १५८४ मध्ये एका जॉन शेक्सपिअरचं मार्जरी रॉबर्ट्सशी लग्न झालं आणि ऑक्टोबर १५८७ मध्ये मार्जरीचं दफन झालं. मेरीचं दफन १६०८ चं, म्हणजे मार्जरीचा नवरा हातमोजेवाला असूच शकत नाही. गावात दुसरा जॉन होता, हे यातून कळतं. ती तिघं मुलं मात्र मार्जरीच्या दफनानंतरची, म्हणजे बहुधा त्याच्या पुढच्या बायकोची. तिसरी बाजू पदवीची. हातमोजेवाला १५६८ मध्ये गावाचा बेलिफ, म्हणजे नगरप्रमुख, झाला. त्यानंतर त्याच्या नावामागे 'मिस्टर' लागू लागलं. धाकट्या एडमंडच्या १५८० च्या नोंदीत ते आहे, चांभाराच्या तिन्ही मुलांच्या नोंदींत नाही. पण नुसत्या पदवीवर निकाल देऊ नये. १५६९ मध्ये मुलगी जोनच्या नोंदीत हातमोजेवाल्यालाही 'मिस्टर' लिहिलेलं नाही. तिन्ही बाजू एकत्र आल्या म्हणून निकाल पक्का.

आणि ही जोन त्या घरातली दुसरी जोन. पहिलीचा बाप्तिस्मा १५५८ चा, ती लहानपणीच गेली आणि तिचंच नाव पुढच्या मुलीला ठेवलं. ही रीत सर्रास होती. म्हणून बाप्तिस्मा सापडल्याबरोबर तो कुणाला जोडू नये. आधी त्या नावाचं दफन शोधावं, निदान पुढच्या १५ वर्षांतलं. ही एकच पायरी गाळल्यामुळे कित्येक वंशवृक्षांत मेलेल्या बाळांची लग्नं लागलेली दिसतात. मोठेपणी परदेशी गेलेल्यांचं दफन तिकडे शोधावं लागतं. कंपनीच्या फौजेतून मुंबई इलाख्यात आलेल्या माणसासाठी ब्रिटिश लायब्ररीतल्या एन/३ या मालिकेत इथल्या पाद्र्यांनी पाठवलेल्या नोंदी आहेत.

कामाची पद्धत अशी. एक तक्ता करा आणि त्यात ओळ नोंदीला द्या, माणसाला नाही. त्या आडनावाची गावातली आणि आजूबाजूच्या १०-१५ किलोमीटरमधल्या गावांतली प्रत्येक नोंद सगळ्या स्पेलिंगांसह घ्या. प्रत्येक ओळीत धंदा, वस्ती, बायकोचं नाव आणि सही की सहीऐवजी केलेली खूण, हे भरा. १७५४ पासून लग्नाच्या नोंदीत वधूवरांच्या आणि दोन साक्षीदारांच्या सह्या किंवा खुणा असतात. १८१३ पासून बाप्तिस्म्याच्या छापील वहीत बापाचा धंदा आणि राहण्याचं ठिकाण मिळतं. मग मुलांमधली अंतरं पाहा. 'त्याच' जोडप्याच्या दोन मुलांत पाच महिन्यांचं अंतर निघालं तर घरं दोन आहेत. फक्त एक सावधगिरी: बाप्तिस्मा म्हणजे जन्म नव्हे. काही घरांत तीन-चार भावंडांचा बाप्तिस्मा एकाच दिवशी उरकलेला असतो.

साल जुळलं की नाही, हे आधी कसं मोजणार?

१७५१ पर्यंत इंग्लंडात वर्ष २५ मार्चला सुरू होई. कवीची थोरली सुझाना २६ मे १५८३ ची, तर जुळी हॅम्नेट आणि जुडिथ वहीत २ फेब्रुवारी १५८४ ला आहेत. तसंच घेतलं तर अंतर आठ महिन्यांचं पडतं आणि भलतीच शंका येते. आपल्या मोजणीने ती तारीख १५८५ ची, अंतर वीस महिन्यांचं. जानेवारी ते २४ मार्चमधली प्रत्येक जुनी तारीख १५८४/८५ अशी दुहेरीच लिहावी. एकेरी साल उतरवलं की पुढचा माणूस ते दुसऱ्यांदा 'दुरुस्त' करतो.

"नाव वेगळं असेल तर माणूस वेगळा"

हा त्याच सल्ल्याचा उलटा अर्थ, आणि तोही चुकीचा. कवीची बायको ॲन हॅथवे तिच्या वडिलांच्या १५८१ च्या मृत्युपत्रात ॲग्नेस आहे. त्या काळी ही दोन्ही नावं एकमेकांच्या जागी चालत. तसंच पॉली ही मेरी, सॅली ही सारा आणि पेगी ही मार्गारेट असू शकते.

"अधिकृत वहीत आहे म्हणजे खरं"

वूस्टरच्या बिशपच्या वहीत २७ नोव्हेंबर १५८२ ला शेक्सपिअरच्या लग्नाच्या परवान्यात वधू 'ॲन व्हेटली' आहे. दुसऱ्या दिवशीच्या ४० पौंडांच्या हमीपत्रात ती ॲन हॅथवे आहे. या एका ओळीवर लोकांनी कवीची दुसरी प्रेयसी उभी केली. पण त्याच दिवशी त्याच कचेरीत व्हेटली आडनावाच्या एका पाद्र्याचं प्रकरण चाललं होतं. कारकुनाच्या हातून तेच आडनाव उतरलं, हा सर्वांत साधा खुलासा आहे. स्ट्रॅटफर्डच्या वहीतल्या १६०० पर्यंतच्या नोंदीसुद्धा नंतर चर्मपत्रावर उतरवलेली नक्कल आहे. म्हणून बिशपकडे दरसाल जाणारी प्रत जिथे टिकली आहे, तिथे दोन्ही ताडून पाहावं.

"दहा वंशवृक्षांत तेच आहे"

दहाही जणांनी एकाचीच नक्कल केली असेल तर पुरावा एकच राहतो, किंवा शून्य. 'जन्म अंदाजे १५६०' असं दिसलं की समजावं, कुणीतरी लग्नाच्या सालातून २५ वजा केले आहेत. डीएनएही इथे फारसा कामाला येत नाही. एकाच नावाचे दोन चुलतभाऊ असतील तर दोघांच्याही वंशजांचे धागे त्याच आजोबांशी जुळणार.

"मृत्युपत्रात नातं स्पष्ट लिहिलेलं असतं"

लिहिलेलं असतं, पण त्या काळच्या अर्थाने. शेक्सपिअरच्या १६१६ च्या मृत्युपत्रात एलिझाबेथ हॉल ही 'नीस' (आजच्या अर्थाने भाची किंवा पुतणी) आहे, आणि ती सुझानाची मुलगी, म्हणजे त्याची सख्खी नात. 'कझिन' कुठल्याही नातलगाला म्हणत. 'सन-इन-लॉ' हा सावत्र मुलगाही असू शकतो. 'सीनियर' आणि 'ज्युनियर' हे बापलेक असतीलच असं नाही, गावातला थोरला आणि धाकटा एवढाच अर्थ असू शकतो. १८५८ पूर्वीची मृत्युपत्रं चर्चच्या वेगवेगळ्या न्यायालयांत विखुरलेली आहेत. कॅन्टरबरीच्या न्यायालयात सापडलं नाही म्हणून शोध थांबवू नका, बिशपचं आणि आर्चडीकनचं, म्हणजे बिशपच्या हाताखालच्या अधिकारी पाद्र्याचं, न्यायालयही पाहा.

दोन माणसं एकत्र झालेला वंशवृक्ष तुमच्या हाती आला असेल तर कुणालाच पुसू नका. दोन कोरे जॉन तयार करा. हातमोजेवाला आणि चांभार असा धंदा नावाला जोडा आणि एकेक नोंद पुराव्यासह हलवा. जी नोंद कुठेच बसत नाही ती तिसऱ्या यादीत ठेवा. हलवलेल्या प्रत्येक नोंदीपुढे हलवण्याचं कारण लिहा: 'मेरीचं पहिलं मूल १५५८ चं, फिलिप १५९१ चा, बापाला मिस्टर नाही' असं, म्हणजे उद्या कुणी ती तिघं मुलं पुन्हा मेरीच्या नावे लावायला आला तर त्याला ते आधी वाचावं लागेल.